हवेच्या तोंडातला बोळा

मुखेडच्या अलीकडचा चढ आला आणि पिकअप तिसऱ्या गेअरला ओढेना. शिवकन्येनं दुसरा टाकला, पहिला टाकला. ॲक्सिलेटर पार दाबला तरी गाडी आपली गाभण म्हशीगत.

पोरांनो, ही शिवकन्या म्हणजे माझ्या मित्राची, वैजनाथची लेक. पाल चुकचुकली तरी दचकणारी. मागच्या साली कार्तिकातली अमावास्या, रात्रीचे आठ. देगलूरला शिवप्पाच्या गॅरेजात अख्खं इंजिन खोलून नवे पिस्टन, नव्या रिंगा घातलेली गाडी घेऊन ती आणि धाकटा भाऊ अमरेश घराकडं निघालेले.

“ह्यापरीस जुनं इंजिन बरं होतं,” अमरेश म्हणाला. “नरसिंग मिस्त्री असता तर असं झालं नसतं बघ, अक्का.”

शिवप्पाच्या हाताखालचा, कायम खाकी शर्टातला नरसिंग आठ दिवसांपूर्वी भांडून हैदराबादला निघून गेला, असं शिवप्पाच सांगायचा.

अमरेशनं बॉनेट उघडलं. इंजिन खोललं की मिस्त्री लोक हवेच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबतात, आत कचरा पडू नये म्हणून. घाईत तो कधीकधी तसाच राहतो. मग इंजिनाला श्वास मिळत नाही. त्यानं पाइप काढून बोटं घातली.

“हाय की. बोळाच हाय. पर येईना.”

“गाडी बंद केली मी. ओढ जोरात.”

“ओढायलोय... अक्का, आतून कुणीतरी...”

कडकन हाड मोडलं.

शिवकन्येनं त्याला कमरेला धरून मागं खेचलं. हात आला. दोन बोटं आली नाहीत. उरलेल्या बोटांत रक्तानं भिजलेली खाकी बाही, खांद्यापासून फाडलेली.

ओढणीनं हात आवळून तिनं दवाखान्यासाठी गाडी देगलूरकडं वळवली.

आणि गाडी सुटली. पाय न लावता. ब्रेक लागेना.

दवाखाना आला... गेला.

गॅरेजचं शटर फाटलं. आत शिवप्पा एकटाच. ओरडायलाही सवड मिळाली नाही त्याला. गाडीनं त्याला भिंतीशी चिरडलं. पुढचं चाक गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर आदळलं, तो बुजवायला नव्यानं ओतलेलं सिमेंट फुटलं. फटीतून एक हात दिसत होता. नरसिंगचा. खांद्यापर्यंत उघडा.

इंजिन आपोआप बंद पडलं.

अमरेशची मान कलली. शिवकन्या ॲम्ब्युलन्सला फोन लावत राहिली. रिंग जायची... कट व्हायची. “झोपू नको रे... अमरेश, माझ्याकडं बघ...”

सातव्यांदा कुणीतरी उचलला.

“हॅलो... भावाचा हात... लई रक्त जायलंय...”

दमलेला, ओळखीचा आवाज. नरसिंग मिस्त्रीचा.

“घाबरू नका, अक्का. बोळा निघालाय. आता गाडी कुठंच थांबायची न्हाई.”