वायर तुटता कामा नये

मोठ्या बाई कॉरिडॉरमध्ये पालथ्या पडल्या होत्या. त्यांच्या उशाशी कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड हातात धरून भट्टीवाला उभा होता. डोळे टक्क उघडे, पण त्या डोळ्यांमागे कोणी जागं नव्हतं.

इन्स्पेक्टर बाई पोचल्या तेव्हा मोठ्या बाईंना स्ट्रेचरवर घेत होते. श्वास चालू, डोक्याला खोक. आठवड्यापूर्वी जिन्यात घसरून मोडलेल्या उजव्या हाताचं प्लास्टर मात्र शाबूत होतं.

हे झोपेच्या संशोधनाचं केंद्र. रात्रपाळी करणाऱ्यांना दिवसा झोप का लागत नाही, याचा शोध मोठ्या बाई इथे घेत होत्या. भट्टीवाला बेकरीत रात्रभर पाव भाजायचा आणि दिवसा छताकडे बघत पडायचा, म्हणून इथे आला होता.

आता तो खुर्चीत बसून स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होता. झोप मोजण्यासाठी डोक्याला चिकटवलेल्या वायरींचा जुडगा गळ्यात मफलरसारखा पडला होता.

"याला कोणी हात लावलाय?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"कोणीही नाही." धाकटे डॉक्टर म्हणाले. मोठ्या बाईंच्या खालोखाल तेच. "सापडला तसा बसवलाय. इथे शिस्त असते, मॅडम. तुमच्या चौकीसारखं नाही."

"तुम्ही कुठे होता?"

"माझ्या खोलीत. आज मजल्यावर हा एकच पेशंट, आणि मोठ्या बाई, तंत्रज्ञ मुलगी नि मी, एवढेच. धप्प आवाज आला, धावलो, तर हा असा उभा."

"त्याच्या खोलीत गेला होतात?"

"पाऊलसुद्धा टाकलं नाही. वायरींशी खेळणं माझं काम नाही. हे बघा, झोपेत चालणाऱ्याचा काही नेम नसतो. याला तुरुंगात टाकू नका, पण कुलपाआड ठेवा. कायमचा. तसं मी लिहून देतो."

"विचारल्याशिवाय काही देऊ नका," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "सवय लागते."

तेवढ्यात जिन्यावरून भट्टीवाल्याची बहीण आली. तिच्या मागे केंद्रातली तंत्रज्ञ मुलगी. तिला सगळे वायरवाली म्हणत.

"आत्ता सोडलं मला!" बहीण कडाडली. "भावाचे कपडे आणले तर तो फाटकावरचा मेला सोडेना. ही पोरगी बिचारी इतका वेळ त्याच्याशी भांडत होती माझ्यासाठी. आणि इथे हे!"

भट्टीवाल्याने मान वर केली. "ताई, मी मारलं असेल का गं? मला काहीच आठवत नाही. आता मी झोपणारच नाही."

बहिणीने आणलेले कपडे त्याच्या मांडीवर ठेवले. मग इन्स्पेक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "आमचे हे म्हणतात, याला घरात घेऊ नकोस, झोपेत पोरांचा गळा दाबेल. आता काय सांगू मी त्यांना?"

इन्स्पेक्टर बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वायरवालीला घेऊन भट्टीवाल्याच्या खोलीत गेल्या.

पलंगाच्या डोक्याशी भिंतीला झोपेची नोंद घेणारी एक पेटी ठोकलेली होती. भट्टीवाल्याच्या वायरींचा प्लग बसायची खाच रिकामी होती आणि शेजारी खुंटीला तसाच एक जादा प्लग टांगलेला होता.

"हा पूर्वी झोपेत उठला होता?"

"एकदा. पेटी तेव्हा सुटी होती. तिच्यासकट वायरी फरफटत दारापर्यंत गेला. मोठ्या बाईंनी आधी पेटीची विचारपूस केली, मग त्याची. तेव्हापासून भिंतीला ठोकलीय."

इन्स्पेक्टर बाईंनी तो जादा प्लग खाचेत लावून बघितला आणि एका हाताने ओढला. ढिम्म हलेना.

"तसा नाही निघत, मॅडम. एका हाताने दोन्ही कडांचे खटके दाबायचे, दुसऱ्याने ओढायचा. पेशंटला बाथरूमला न्यायचं असेल तर प्लग काढा, वायरी गोळा करा, त्याच्या गळ्यात घाला. नवा माणूस आला, मग तो डॉक्टर का असेना, पहिल्या दिवशी हेच शिकतो. मोठ्या बाई म्हणतात, पेशंट पडला तर उचलता येतो, वायर तुटता कामा नये." ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"इथे येण्याआधी तो झोपेत चालायचा?"

"छे! धाकट्या डॉक्टरांची नवी गोळी सुरू झाली आणि चालायला लागला. आज सकाळी बाईंनी ठणकावलं त्यांना, ती गोळी बंद, मी तसं वर कळवणार. भिंती हादरल्या."

इन्स्पेक्टर बाई कॉरिडॉरमध्ये परतल्या.

"डॉक्टर, झोपेत उठलेला माणूस खटके दाबून प्लग काढतो का हो?"

"काय संबंध?"

"पेटी भिंतीला ठोकलेली. हा आपला आपण उठला असता तर वायरी तटातटा तुटल्या असत्या. एकही तुटलेली नाही. उलट गोळा करून गळ्यात घातल्यात. आणि जागेपणी यानेच काढल्या असत्या, तर स्टँड धरून आमची वाट बघत थांबला नसता."

"मग मोठ्या बाईंनीच काढला असेल प्लग. त्याला बाथरूमला नेत असतील."

"एका हाताने?"

धाकट्या डॉक्टरांना प्लास्टर आठवलं. चेहऱ्यावरून ते आठवणं सरळ दिसलं.

"वायरवाली फाटकाशी होती, ही बहीण साक्षीला. मजल्यावर दोन हातांचं कोण उरलं? तुम्ही आधी बाईंना पाडलंत. मग याला गाढ झोपेतून उठवलंत, दंडाला धरून बाहेर आणलंत आणि हातात स्टँड दिलात. गोळीनं गुंगलेला माणूस, नेलं तिकडे आला. सगळं बेतलंत, पण हाताला वळण बाईंनी लावलेलं. खून करायला निघालात तरी वायर तुटू दिली नाहीत."

"त्या बाईनं माझी सगळी मेहनत गटारात घातली असती!" डॉक्टर ओरडले. "आणि कुणासाठी? या पाववाल्यासाठी?"

"न्या रे यांना," इन्स्पेक्टर बाई शिपायांना म्हणाल्या.

दवाखान्यातून फोन आला. मोठ्या बाई शुद्धीवर आल्या होत्या. पहिला प्रश्न काय विचारला, ते ऐकून इन्स्पेक्टर बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "सांगा त्यांना, एकही नाही तुटली."

बहीण भावाशेजारी बसली. "ऐकलंस ना? तू नाही मारलंस. चल घरी. आमच्या ह्यांना काय सांगायचं ते मी बघते."

"नक्की ना, ताई?" त्याने विचारलं. पण 'नक्की' ऐकायलाही तो थांबला नाही. तिच्या खांद्यावर मान टाकून घोरायला लागला.

वायरवाली त्याच्या गळ्यातला जुडगा काढायला पुढे झाली.

"राहू दे गं," बहीण हळूच म्हणाली. "उठेल तो."