पप्पांची टोपी

"शेवटचं, ऑर्नेला... एकदाच यंत्रासमोर उभी राहा! सिडनीहून फोटोवाले आलेत. आणि हे बघ, पप्पांची टोपी घाल, विसरू नकोस."

ऑर्नेलाने डुकराच्या खिम्यात बुडवलेले हात बाहेर काढले नाहीत. जुलैतला, आतड्यांत खिमा भरून सलामी सॉसेज करायचा शनिवार होता. ग्रिफिथ गावातल्या कुठल्याही इटालियन घरात या दिवशी कुणाला मरायलासुद्धा सवड नसते. पण तिच्या धाकट्या भावाचा, प्रोफेसर सिल्व्हियो दालमासोचा, निरोपसमारंभ नेमका आजच, नेमका घरच्या संत्र्याच्या बागेत ठरला होता. तो शेडच्या उंबऱ्यावर उभा होता. आत आला नाही, कारण आत चिखल होता. शेतात आपोआप चालणाऱ्या यंत्रांचा आद्य गुरू म्हणून जग त्याची आरती ओवाळत होतं; गुरूंचे बूट मात्र आयुष्यभर कोरे ते कोरेच!

"गुडघा ठणकतोय रे."

"चालायचं कुठाय? नुसतं उभं तर राहायचं."

"वाटणी झकास केलीस हो," आतडी धूत बसलेली झिया पियेरिना म्हणाली. ही त्यांची नव्वदीला टेकलेली मावशी. दात गेले होते, पण चावणं शाबूत होतं. "ती उभी राहते, तू खुर्चीवर बसतोस, आणि तुझं ते यंत्राचं गाढव मेडल मिळवतं."

सिल्व्हियो हसला. मोठ्या माणसांना हसून सोडून देण्याची कला अवगत असते.

ऑर्नेलाने हात धुतले, खिळ्यावरची जुनी फेल्टची टोपी डोक्यावर चढवली आणि काठी घेतली. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं... आणि या माणसाला तर नाहीच. कारण त्याचा एक अपराध तिच्या माथी होता!

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पस्तिशी उलटलेल्या ऑर्नेलाला मागणी घालायला त्या दिवशी तिचा दारिओ त्याच्या आईला घेऊन जेवायला यायचा होता. गावात जाऊन तिने केस सेट करून आणले होते. सिल्व्हियोच्या यंत्राची चाचणी मात्र चुकवायची नव्हती. काम सोपं होतं: संत्र्याच्या ओळीतून पिवळं यंत्र येई, तिने झाडाआडून पुढे व्हायचं, यंत्राने माणूस ओळखून थांबायचं. ते नेहमी थांबे. त्या दिवशी मात्र थांबलं नाही. गुडघ्याचा चुरा झाला. तंबूतून धावत आलेल्या सिल्व्हियोच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू उशिरा पुढे आलीस, ऑर्नेला... उशिरा आलीस!"

तिने ते वेदवाक्य मानलं. आपल्या हलगर्जीने भावाचं यंत्र बदनाम होऊ नये म्हणून डॉक्टरला सांगितलं, शिडीवरून पडले. दारिओच्या आईनेही तेच ऐकलं, आणि धड शिडीवर उभं राहता येत नाही ती सून काय कामाची, असा विचार करून मुलाला घेऊन गेली. दारिओ मागे वळून बघत गेला म्हणे. नुसतं बघून कुणाचं काय होतं?

पाय बरा झाल्यावरही ती दर हंगामात यंत्रापुढे उभी राहिली. भाऊ प्रत्येक वेळी आवर्जून टोपीची आठवण करी. किती जीव आहे याचा पप्पांवर, असं वाटून तिचा ऊर भरून येई... वेडी!

झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. विद्यापीठाचे कुलगुरू खेड्यात यायचं म्हणून नवीकोरी रुंद काठाची टोपी घालून आले होते. तिच्याखाली ते पाहुणे कमी आणि टोपीचे भाडेकरू जास्त दिसत होते. भाषणांत सिल्व्हियोची इतकी स्तुती झाली की तेवढी ऐकून एखादा माणूस लाजला असता. ऑर्नेला सॉसेजचं ताट घेऊन मागे उभी होती.

मग त्याची विद्यार्थिनी, डॉक्टर थुई लाम, बोलायला उठली. पोर प्रेमाने बोलत होती, हे खरं.

"सरांचा तो गाजलेला शोध आपण सगळेच वर्गात शिकवतो. यंत्राला माणूस ओळखायला शिकवायचं म्हणून सरांनी हजारो चित्रं दाखवली. सगळ्यांत एकच माणूस, एकच टोपी! यंत्र काय शिकलं? टोपी! कुंपणाच्या खांबाला टोपी घातली तरी ते अदबीने थांबायचं. आणि एक दिवस समोर बोडकं डोकं आलं... गेलं सरळ पुढे!" हशा पिकला. "नशीब, त्या दिवशी समोर पुठ्ठ्याचा पुतळा होता. बिचाऱ्याचा पाय मोडला, पण आपलं शास्त्र उभं राहिलं!"

कुलगुरू तर डोळे पुसेपर्यंत हसले.

ऑर्नेलाचं ताट कलंडलं. सॉसेज घरंगळत कुलगुरूंच्या पायाशी गेले... सेट केलेले केस! ते मोडू नयेत म्हणून त्या दिवशी टोपी नव्हती! ती खुर्च्यांमधून काठी टेकत पुढे आली, तशी एकेक मान खाली गेली. काठीचा अर्थ विद्वानांनाही कळतो, उशिरा का होईना.

"सिल्व्हियो... तुला ठाऊक होतं?"

त्याने बुटांकडे पाहत मान डोलावली.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात चित्रफिती पाहिल्या, तेव्हा..."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू शिडीचं सांगून मोकळी झाली होतीस, ऑर्नेला. तू सगळं इतकं निभावून नेलंस, की... मला सोयीचं झालं."

"सोयीचं!" तिचा स्वर फाटला. "पाय गेला, सोसलं. दारिओ गेला, तेही सोसलं. पण तुझं यंत्र मी बिघडवलं म्हणून आयुष्यभर तुझ्यापुढे मान खाली घातली रे मी! माफी मागायची म्हणून तुझ्या ताटात मोठा तुकडा वाढला! आणि तू मला... पुठ्ठा केलंस? ही टोपी पप्पांवरच्या प्रेमाने घालायला सांगतोस, असं वाटायचं मला!"

"कॉफी घेऊ या का?" कुलगुरू खाकरत म्हणाले.

"बसा हो," झिया पियेरिना गरजली, "आत्ता कुठे खरं भाषण सुरू झालंय!"

ऑर्नेलाने टोपी काढून जमिनीवर टाकली. तिच्या अंतःकरणात त्या क्षणी भावाविषयी दयेचा लवलेशही नव्हता... निव्वळ तिरस्कार!

सिल्व्हियो उठला. थुईला म्हणाला, "यंत्र सुरू कर." आणि तो ओळीत शिरला. कोरे बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतले. विरळ पांढऱ्या केसांचं बोडकं डोकं घेऊन तो मधोमध उभा राहिला. आपल्या विद्येवर या विद्वानाचा कधीच विश्वास नव्हता. म्हणून तर तो बहिणीला टोपी घालायला लावत होता.

पिवळं यंत्र घरघरत निघालं. येऊ दे, ऑर्नेलाने मनाशी म्हटलं, कळू दे त्यालाही... पण ते जवळ येत गेलं, तशी तीच ओरडली.

"सिल्व्हियो! बाजूला हो! अरे हो बाजूला!"

तो हलला नाही. यंत्रच थांबलं. त्याच्यापासून चांगलं लांब, सावकाश, शहाण्यासारखं.

"तो पुतळा नव्हता," सिल्व्हियो लोकांकडे वळून हुंदके देत म्हणाला. "ती माझी बहीण होती. उशिरा ती आली नव्हती... मी आलो. आज!"

कुणी टाळी वाजवली नाही. तेवढी अक्कल त्यांना होती.

ऑर्नेला त्याच्यापाशी गेली. त्याच्या तोंडाकडे तिने असं पाहिलं, जणू कुणी परका ओळखीचा निघाला होता.

"गाढव शिकलं की रे," ती म्हणाली, "तूच मागे राहिलास."

त्याने न सांगता हात पुढे केला. तिने क्षणभर तो तसाच ताटकळत ठेवला, आणि मग धरला. तिच्या चालीने, तिच्याइतकंच सावकाश, तो शेडपर्यंत आला. उंबरा ओलांडून आत आला, बाह्या सारल्या आणि भरल्या डोळ्यांनी खिम्याच्या परातीपुढे बसला.

"हात धू आधी, गाढवा!" झिया पियेरिना म्हणाली.

ऑर्नेलाने पाण्याचा तांब्या उचलला, आणि त्याच्या हातांवर धार धरली.