चहावरची साय

मातीच्या कुल्हडातल्या चहावर साय धरायला साधारण चार मिनिटं लागतात. हवेत गारवा असेल तर तीनच. मला हे माहीत आहे, कारण आठ महिन्यांत देवदत्तने माझ्यासाठी मागवलेला एकही चहा मी प्यायले नाही. नुसती बघत बसले.

मी काशीत आले ती एक गोष्ट मोजायला – नोकरी कुणाला लवकर लागते, वर्गात बसून शिकलेल्यांना की प्रत्यक्ष कामावर शिकलेल्यांना? पुण्यातल्या आमच्या संस्थेचा नियम कडक होता. ज्यांचं काम तपासायचं, त्यांच्याकडचं पाणीही प्यायचं नाही.

पहिले एकोणीस दिवस कुणाशी मराठी बोलले नाही. विसाव्या दिवशी दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत तिसऱ्यांदा त्याच पानवाल्यासमोर पोचले आणि स्वतःशीच पुटपुटले, "आता कुठे मरायचं?"

"मरायला लोक लांबून येतात इथे," मागून आवाज आला. "तुम्हाला कसली एवढी घाई?"

वळून पाहिलं. खांद्यावर गमछा, कोपरापर्यंत ग्रीस, आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यात हसू...

"तुम्ही मराठी?"

"सात पिढ्या. घरात मराठी, गल्लीत बनारसी. इंजिनाशी मात्र फक्त शिव्या. जायचं कुठे?"

मी पत्ता दाखवला. तो मोठ्याने हसला. "चलो, मीच शिकवतो तिथे. मी देवदत्त."

नदीकाठची पत्र्याची शेड होती ती. बोटींची बिघडलेली इंजिनं तिथे यायची आणि शिकणारे ती खोलून, जुळवून, हात काळे करून शिकायचे. तिथून बाहेर पडलेल्या चोवीस जणांना आणि वर्गात शिकलेल्या तेवढ्याच जणांना मी घरी, घाटावर, जमेल तिथे गाठायचे आणि विचारायचे, सध्या काम आहे का? शेड चालू राहणार की बंद होणार, ते माझ्या अहवालावर ठरणार होतं.

नोंदी पडताळायला दर गुरुवारी मी शेडवर जायचे. दर गुरुवारी दोन कुल्हड यायचे.

"मॅडम, चहापण लाच होते?"

"होते."

"आणि ते बघणं?"

"कुठलं बघणं?"

"आत्ता केलंत ते."

मी वहीत मान घातली. कान तापले होते. समोर चहावर साय धरत होती...

संध्याकाळी खोलीवर परतले की दशाश्वमेधाकडून आरतीच्या घंटा ऐकू यायच्या. तिथे हजारो माणसं खांद्याला खांदा लावून उभी असायची, आणि मी खिडकीशी एका ताटात वरणभात कालवत बसायचे. सकाळपर्यंत माझा स्वतःचा आवाजही मला ऐकू यायचा नाही. मी वार मोजायला लागले. शुक्रवार सर्वांत लांब असायचा.

"काम संपल्यावर?" एकदा त्याने विचारलं.

"पुणे."

"पक्कं?"

"तिकीट काढायचंय अजून."

तो पुसलेलाच पाना पुन्हा पुसत राहिला.

मागच्या आठवड्यात शेवटचा तक्ता तपासताना बनवारी निषादच्या नावाशी मी थांबले. तो देवदत्तकडे शिकलेला. पाणी चढलं की तीन महिने त्याची होडी बांधलेली असते, तो घरी बसून असतो. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं – 'कामावर'. वर्गात शिकलेला एक जण फक्त लग्नसराईत दिव्यांच्या माळा लावायला जातो. त्याच्यापुढे – 'बेकार'. अक्षर माझंच होतं, आठवडाही एकच, आणि त्या आठवड्यात दोघंही रिकामेच. आणखी शोधलं तेव्हा अशा चार जोड्या निघाल्या. चारही चुका एकाच बाजूला झुकलेल्या, शेडच्या.

आकडे असे आपोआप झुकत नाहीत. कुणीतरी झुकवतं.

आज गुरुवार. मी सरळ जाऊन सांगितलं, "माझ्याकडून चूक झाली. तुमच्या फायद्याची."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असली मेहरबानी नको हं. माझी पोरं काम जाणतात. पुन्हा मोजा, बिलकुल कडक मोजा."

"मी नाही मोजू शकणार."

"का?"

मी तिथूनच पुण्याच्या संस्थेतल्या श्रीनिवास सरांना फोन लावला. अहवाल त्यांच्याकडेच जायचा.

"सर, बनारसच्या नोंदी दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करून घ्या. अहवालावर माझं नाव नको."

"ऋता, आठ महिन्यांचं काम आहे तुझं! चार चुकांसाठी सोडतेस? दुरुस्त कर आणि पाठव."

"चुका दुरुस्त होतील, सर. त्यांचं कारण नाही होणार."

"कसलं कारण?"

देवदत्तच्या हातातला पाना थांबला. बाकावर कुल्हडातून वाफ निघत होती, साय धरायला अजून वेळ होता. मी कुल्हड उचलला. जीभ भाजली, तरी आणखी एक घोट घेतला. परतीचं तिकीट काढायचं राहिलंच होतं, तीन महिने रोज उद्यावर ढकललेलं...

"इथे शिकवतात ना, त्यांच्यावर माझं प्रेम आहे, सर," मी म्हणाले. "मी पुण्याला परत येत नाहीये."