टेकडी फाटकापाशी

"नव्या भूगोलाच्या बाईंना भिंती कमी पडल्या वाटतं. आता म्हणे अख्ख्या गावाचा नकाशा पटांगणात हवा, फरशीवर. गुडघे जाणार माझे, त्यांचं काय जातंय."

शिक्षकांच्या खोलीत कपाटाच्या त्या बाजूला चित्रकलेचे सर गणिताच्या बाईंपाशी कुरकुरत होते. या बाजूला मी, खडूंचा डबा शोधत. खोकावं की गप्प राहावं, ठरेपर्यंत डबाच हातातून सटकला.

सर पुढे आले. मला बघून कानापर्यंत लाल झाले.

"भिंतीवर मुलांना उभं राहता येत नाही," मी म्हटलं.

ते खाली वाकून खडू गोळा करू लागले. "हे मात्र... पटण्यासारखं आहे."

झालं. सगळी सुट्टी ते पटांगणात रंगांच्या डब्यांमध्ये, आणि मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी. ऊन होतं म्हणून. भलतंसलतं मनात आणू नका.

"नदी जरा जास्तच वाकडी झालीय."

"नदी आहे ती, पट्टी नाही. रोज तपासायला येता?"

"काम बघावं लागतं."

"काम फरशीवर आहे, बाई."

मी छत्री त्यांच्या डोक्यावरून थोडी सरकवली. शिक्षा म्हणून. ते हसले, आणि कपाळावर निळ्या रंगाचं बोट ओढून घेतलं.

माझी नेमणूक मात्र एका सत्रापुरती. कायमच्या बाई रजेवरून परतल्या की माझी पेटी उचलायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

नकाशा झाला, आणि घोटाळाही. मुख्याध्यापिकांना, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंना, ऑफिसच्या खिडकीतून तो सरळ दिसावा म्हणून सरांनी भिंतीवरच्या नकाशासारखी उत्तर दिशा 'वर' नेली, म्हणजे खिडकीपासून लांब, फाटकाकडे. खरी उत्तर होती खिडकीच्या मागे. गावाच्या उत्तरेची खरी टेकडी ऑफिसच्या छपरावरून डोकावतेय, आणि रंगवलेली टेकडी फाटकापाशी लोळतेय. मी इतके दिवस छत्रीखाली नेमकं काय बघत होते, ते विचारू नका. बाकीच्यांच्याही लक्षात आलं. पण घराघराचा वेगळा रंग, झाडाझाडाची सावली... इतकं जीव ओतून केलेलं. शिवाय माणूस मानी. प्रत्येक जण येऊन म्हणे, "रंग काय सुरेख जमलेत."

पहिल्या तासाला मी पाचवीची मुलं नकाशावर आणली. म्हटलं, भूगोल म्हणजे राजधान्यांची घोकंपट्टी नाही. एखादी जागा कुठे आहे, कशी आहे, माणसांनी तिचं काय केलं आणि तिनं माणसांचं, तिथून काय येतं-जातं, आणि कोणत्या जागा एकमेकींच्या बहिणी शोभतात, एवढंच विचारत राहायचं. "आधी 'कुठे'. आपापल्या घरावर उभे राहा आणि टेकडीकडे बोट करा."

निम्म्यांनी फाटकाकडे बोट केलं, निम्म्यांनी छपराकडे. दोन वेण्यांवाली एक मुलगी हात अर्धवट उचलून उभी. "बाई, कुठली टेकडी?"

व्हरांड्यात सगळे शिक्षक होते. सरही. मला क्षणभर वाटलं, म्हणावं, फरशीवरची. मग त्या मुलीचा चेहरा दिसला. ही पोर आयुष्यभर उलटी चालेल, माझ्यामुळे.

"खरी टेकडी. सर, नकाशा उलटा आहे."

सर आत निघून गेले.

ती रात्र मी पेटीकडे बघत काढली.

सकाळी येऊन बघते तर सर बाह्या सरसावून फरशी घासताहेत. नदी अर्धी पुसली होती. मी दुसरा ब्रश घेतला आणि शेजारी बसले.

"रागावलात?"

"रागावलो होतो. सगळ्यांवर. शाळाभर लोकांना दिसलं, आणि बोललं कोण, तर चार महिन्यांची पाहुणी." ते घासत राहिले. "मी मुलांसाठीच काढला होता ना नकाशा. मग तुम्ही बरोबरच केलंत."

या वेळी आखणी मुलांनी केली. काठी रोवून, सावली बघून उत्तर त्यांनीच शोधली आणि सरांना दाखवली. सर त्यांच्या मागून मुकाट्याने रंग भरत गेले. मोठ्या बाईंना आता खिडकीतून गाव उलटं दिसायचं. "दिसू दे," त्या म्हणाल्या, "माझी पोरं सरळ उभी आहेत."

आणि होतीच. मी पुन्हा सांगितलं तेव्हा एकूण एक बोट ऑफिसच्या छपराकडे गेलं. माझा ऊर असा भरून आला, की काय सांगू.

तेवढ्यात दोन वेण्यांवालीने विचारलं, "बाई, तुम्ही कुठे उभ्या राहणार? तुमचं घर कुठाय?"

गणिताच्या बाईंना एकदम वह्या आठवल्या. मोठ्या बाई चष्मा पुसू लागल्या. मी म्हणायला गेले, "माझं घर या नकाशात..."

सर नदीकाठच्या पिवळ्या घरावर उभे होते. त्यांच्या स्वतःच्या. ते तिथून एक पाऊल बाजूला सरकले. माझ्यापुरती जागा झाली.

"आईला विचारलंय मी," ते म्हणाले. ऐकू सगळ्यांना गेलं. "बाई, सत्र संपल्यावर जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."