मागच्या सीटवरचं वजन

दादाने जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त त्याची धाकटी बहीणच नाचली. "गाडीचं सगळं मी बघणार. गॅरेजचं तोंडसुद्धा बघायचं नाही!" तिने घरभर जाहीर करून टाकलं.

"आल्या मिस्त्रीणबाई," दादा म्हणाला. "उद्या माझा नोकरीचा पहिला दिवस आहे. हायवेवर ढकलायला लावली नाहीस म्हणजे मिळवली."

दुपारी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तिने बाह्या सरसावल्या. प्लग पॉलिश पेपरने घासला, एअर फिल्टर झटकला, टायरमधली हवा पाहिली. मग गाडी डबल स्टँडवर चढवली आणि अधांतरी झालेलं मागचं चाक फिरवत चेन रॉकेलने पुसली, तेल सोडलं. मधोमध बोटाने दाबली. इंचभर खाली, इंचभर वर. हवी तश्शी! तिने स्वतःचीच पाठ थोपटली.

गाडी साइड स्टँडवर उतरवली आणि सहज पुन्हा बोट लावलं.

चेन तारेसारखी ताणलेली होती.

सीटवर कोणी बसलं की मागची बाजू दबते आणि चेन ताणते, हे तिला पाठ होतं. पण गाडीवर कोणीच नव्हतं. तिने चाकाचा नट सैल करून चेनला ढील दिली. डबल स्टँडवर चेन पार लोंबायला लागली. खाली उतरवली, की ताठ.

ती वाकून बघायला लागली. मागच्या स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना टेकायला आली होती. सीटच्या मागच्या भागाला मधोमध खळगा पडला होता. तिने तळहात ठेवला. पार्किंगमध्ये ऊन येत नव्हतं, तरी रेक्झीन कोमट होतं. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं.

किंवा उठलेलंच नसल्यासारखं.

"झालं का गं?" दादा जिना उतरून आला. त्याने चेन दाबून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "एवढी ताणतात का कधी? तुटून चाकात अडकली तर चाक जाम होईल. हायवेवर हाडंसुद्धा गोळा करता येणार नाहीत माझी. जमत नसेल तर सांग बाई, मी पक्का मिस्त्री बघतो."

"जमतंय मला!" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो वर गेला. हसत गेला.

मागचे फुटरेस्ट उघडे होते. ते तिने मिटले आणि पाना घ्यायला वळली.

टक्.

डावा उघडला होता. स्प्रिंग ढिली असेल, झालं. तिने तो पुन्हा मिटला आणि हात तसाच दाबून धरला. तिच्या बोटांना रेटत तो सावकाश खाली आला.

टक्. पलीकडचाही.

आईला हाक मारावी तर हसं होणार. न सांगावं तर उद्या दादा या गाडीवरून जाणार.

"हे बघ," ती सीटकडे न बघताच म्हणाली. आवाजात उसनी ऐट होती. "दादाला एकट्याला जाऊ दे. बसायची एवढीच हौस असेल तर माझ्या मागे बस."

आणि वर हसलीसुद्धा.

स्प्रिंगा करकरत मोकळ्या झाल्या. खळगा भरून आला. चेन सैल पडली.

तिने ती नीट बसवली. डबल स्टँडवर, साइड स्टँडवर. दोन्हीकडे इंचभर.

सकाळी दादाने एका किकमध्ये गाडी सुरू केली. "मिस्त्रीणबाई, लोण्यासारखी पळतेय की!" तो ओरडला. तो वळणाआड होईपर्यंत ती हात हलवत राहिली. मागची सीट छान उंच दिसत होती.

मग तिने दप्तर अडकवलं आणि भिंतीला टेकवलेली आपली सायकल ओढली.

जागची हलेना.

मागचा टायर जमिनीशी चपटा झाला होता. हवा गेली वाटतं. तिने अंगठ्याने दाबून पाहिलं.

टायर दगडासारखा टणक होता.

शाळेच्या वाटेवर कुठेच चढ नव्हता. तरी ती उभी राहून पेडल मारत होती. मागे वळून बघायचं नाही, एवढंच मनाशी घोकत होती.

शाळेच्या फाटकाशी आल्यावर तिने ब्रेक दाबले. सायकलचा वेग कमी झाला आणि तिच्या मागून, चाकाच्या दोन्ही बाजूंनी, खडीवर कोणीतरी पाय घासत टेकवले.