दोन गल्ल्यांपलीकडे

उद्या तुमचंही सामान हलणार, म्हणून आठवलं. बसा त्या खोक्यांवरच. चहा संपला असेल तर कप खाली ठेवा, नंतर हातातून सुटायला नको.

ज्यांची ही गोष्ट आहे ते गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचे. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे गल्लीत लहानथोर सगळे त्यांना 'सर'च म्हणत. भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. माझाही नाही म्हणा, निदान दिवसा तरी नाही. त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच सांगतोय. बोलता बोलता माझ्या पदरचं काही त्यात मिसळलं असेल तर ते मलाही कळलेलं नाही.

तर, सर सामान हलवणारी माणसं शोधायला बाहेर पडले होते. तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, लिफ्ट नाही, आणि बायकोचे गुडघे कामातून गेलेले. सहा महिने 'करू या', 'बघू या' करून अखेर सरांनी तळमजल्यावरचं एक घर पक्कं केलं. दोन गल्ल्या पलीकडे. आणि तेही बायकोला न विचारता.

"जन्मात एक निर्णय स्वतःच्या डोक्यानं घेतलात," ती म्हणाली, "तोही माझ्या पायांवर!"

तिचं बोलणं असंच. तिरकं, पण नेम धरून. सरांना कुलूप लावून तीनदा ओढून बघायची सवय. ती जिन्यात उभी राहून म्हणायची, "ओढा अजून एकदा, चोराला वाईट वाटेल." फारच चिडली तर मात्र बोलत नसे. आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची. मग सरांनी दाराबाहेर उभं राहून "चुकलो" म्हणायचं. ती मुद्दाम थोडा वेळ काढायची, मग खाडकन कडी निघायची आणि दारातून आवाज यायचा, "काय चुकलं ते सांगा, मार्क देते." पस्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. मुलगा लहान असताना तोही हसायचा.

दोन गल्ल्यांसाठी कोणी माणसं द्यायला तयार होईना. एका दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, एवढ्यासाठी ट्रक कशाला? डोक्यावरच न्या की!" शेवटी एक मुकादम भेटला. चार माणसं, दोन हातगाड्या, भरपूर दोर आणि जुनी गोधडी. कमी बोलणारा, पण कामाचा वाटला. त्यानं घर पाहिलं, जिन्याचे वळसे पाहिले, कपाटाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "एकच अट आहे, सर. घर रिकामं झालं की मी दारातून हाक मारतो. तोपर्यंत घरातली सगळी माणसं जिन्यात माझ्यासमोर उभी पाहिजेत. कोणाला आधी पुढे पाठवायचं नाही."

"का बरं?"

"आमचं काम तसंच चालतं. माणसं समोर, हाक आत. आतून काही आलं नाही की कुलूप."

सर हसले. "अहो, दोन गल्ल्या तर आहेत!"

"म्हणूनच सांगतोय. लांब गेलेल्या माणसाचं राहिलेलं मागे राहतं. जवळ जाणाऱ्याचं..." एवढं बोलून त्यानं दोर गुंडाळायला घेतला. वाक्य पुरं केलंच नाही.

शनिवार होता, नोव्हेंबरातला दुसरा. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच घाबरू नका. माणसं चारला यायची होती, ती आली अंधार पडता पडता. आदल्या घरी एक पलंग जिन्यात अडकला होता म्हणे. जवळच जायचं म्हणून सरांनी फारसं बांधलंच नव्हतं. भांडी टोपल्यांत, पुस्तकं चादरींत, कपाटं कपड्यांसकट. माणसं एकमेकांना ओरडून सांगत होती. वरून, "टेबल सुटलं!" खालून, "टेबल मिळालं!" घर भराभर रिकामं होत होतं. शेवटी त्यांच्यातला एक उंच गडी, ज्याला ते लंबू म्हणत, सरांपाशी आला.

"काका, आतल्या खोलीतला पलंग राहिलाय. पण काकू कडी काढत नाहीत."

दुपारपासून ती आत होती. सकाळी एवढंच म्हणाली होती, "तुम्ही जा. मी इथून हलणार नाही." सरांचं एक लक्ष जिन्यात. तिथे कपाट तिरकं झालं होतं आणि आरसा भिंतीला लागेल असं वाटत होतं. दारापाशी जाऊन ते घाईघाईनं म्हणाले, "चुकलो गं, चुकलो. चल आता." आणि पुन्हा आरशाकडे वळले.

दार उघडलं. ती बाहेर आली. म्हणाली, "चला."

मार्कांचं काही बोलली नाही. सरांना हायसंच वाटलं. ती तिन्ही जिने उतरली, कठडा न धरता. खाली लंबूची गाडी भरलेली होती, तिच्याबरोबर चालू लागली.

मुकादम वरून ओरडला, "बाईंना थांबवा, सर!"

"अहो, तिला उभं राहवत नाही," सर म्हणाले. "जाऊ दे. दोन गल्ल्या तर आहेत."

मुकादम पुन्हा कपाटाच्या दोराकडे वळला.

पावणेनऊला घर रिकामं झालं. तुम्ही पाहिलंय का रिकामं घर? आपलंच, पण ओळख न दाखवणारं. कपाटं होती तिथे भिंतीवर फिकट चौकोन, जमिनीवर पलंगाच्या पायांचे चार ठसे. सरांनी खोल्या एकदा पाहिल्या, सवयीनं पुन्हा पाहिल्या, दिवे घालवले आणि जिन्यात येऊन उभे राहिले. दोन गडी पायरीवर बसले होते. मुकादम उंबऱ्यापाशी गेला. आत पाऊल टाकलं नाही. अंधारात तोंड करून त्यानं हाक दिली.

"घर सुटलं... राहिलं का कोणी?"

आणि आतून आवाज आला.

"थांबा हो. आलेच."

पायरीवरचा एक गडी उठून उभा राहिला.

तो आवाज सर झोपेतही ओळखतील असा होता. त्यांनी खिशातून फोन काढला, बायकोला लावला. लगेच उचलला तिनं.

"पोचलीस?"

"कधीच. पाणी भरून ठेवलंय. या तुम्ही सावकाश."

तेवढ्यात आतून, "अहो... मला धरा ना जरा. पाय जड झालेत."

एक आवाज कानाशी. एक अंधारातून. दोन्ही तिचेच.

मुकादमानं कुलूप सरांच्या हातात दिलं. "हे मी लावणार नाही," तो अगदी हळू म्हणाला. "तुमचं माणूस, तुम्ही बघा." आणि तोंड फिरवून उभा राहिला.

सर आत गेले. बाहेरच्या खोलीत कोणी नाही. स्वयंपाकघरात कोणी नाही. आतल्या खोलीचं दार लावलेलं. आत्ताच तर पाहिलं होतं, सताड उघडं... त्यांनी हात ठेवला. ढकललं.

आतून कडी.

दारापलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. रडून झाल्यावर माणूस घेतं तसा.

तेव्हा सरांच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला. मघाशी ती बाहेर आली, तेव्हा कडीचा आवाज झाला होता का? पस्तीस वर्षं ऐकलेला आवाज. ते आठवू लागले. आरसा आठवत होता. कपाट आठवत होतं. लंबूचा घाम आठवत होता. कडी... काही केल्या आठवेना.

"एकदा म्हणा ना," आतून आवाज आला. "म्हणा, उघडते."

शब्द जिभेवर होता. एकच शब्द. पण तो म्हटला असता तर दार उघडलं असतं. आणि दारात जी उभी राहिली असती...

हातातला फोन चालूच होता. त्यातून ती शांतपणे विचारत होती, "कोणाशी बोलताय?"

सर मागे सरकले. एक पाऊल. मग दुसरं. बाहेर आले, दार ओढलं, कुलूप लावलं. त्या रात्री ते ओढून पाहिलं नाही.

शेवटची गाडी मुकादमानं नव्या घराच्या फाटकाबाहेर उतरवली. एरवी सामान जागच्या जागी लावून देणारी माणसं, पण फाटकाच्या आत एकही जण आला नाही.

नव्या घरात ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडी घालून! चार वर्षांत तिला खाली बसता आलं नव्हतं. भांडी पुसून फळीवर लावत होती. सरांकडे बघून गोड हसली. "छान घर आहे," म्हणाली.

पुढचे दिवस सगळ्यांना आनंदाचे गेले. डॉक्टरांनी सरांचा हात हातात घेऊन सांगितलं, "जिना सुटला, हीच तिची मोठी ट्रीटमेंट झाली." मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आई किती शांत झालीय हो! हे आधीच करायला हवं होतं." सर 'हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कोणाला सांगणार, की माझी बायको सुखी दिसते म्हणून मला भीती वाटते?

ती टोमणा मारत नव्हती. सरांनी भाजीला नावं ठेवून पाहिली. "बरं, उद्या दुसरी करते." तिचा आवडता कप मुद्दाम हातातून सोडला. "असू दे." कुलूप तीनदाच काय, दहादा ओढलं. ती शेजारी उभी राहून हसत राहिली.

एका संध्याकाळी त्यांनी धीर केला. तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "चुकलो."

तिनं मान वर केली. "कशाबद्दल?"

थट्टा नव्हती त्यात. तिला खरंच माहीत नव्हतं.

त्या रात्री सर झोपले नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे, कुलपाच्या आत, अंधारात, दुखरे गुडघे घेऊन कोणीतरी एका शब्दासाठी बसलं होतं. बसायला खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती त्यांनी. जायला निघायचे, चप्पल घालायचे, आणि फाटकातून परत यायचे. चार-पाच दिवस असेच गेले. मग घरमालकाचा फोन आला, रंगारी यायचेत, किल्ली आणून द्या. आता जाणं भाग होतं.

दिवेलागणीला गेले. तीन जिने चढताना वाटेत दोनदा थांबले. कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं. आतल्या खोलीपाशी पोचायच्या आधीच तो शब्द त्यांनी मोठ्यानं म्हटला.

"चुकलो!"

मग पाहिलं.

दार उघडं होतं. सताड. कडी नुसती लोंबत होती. आत कोणी नव्हतं.

सर बराच वेळ तिथे उभे राहिले. वाट बघून कंटाळली, त्यांना वाटलं. निघून गेली. पण जाईल कुठे? त्या पायांनी जाऊन जाऊन किती लांब जाईल...

आणि मग त्यांना मुकादमाचं ते अर्धं वाक्य आठवलं. जवळ जाणाऱ्याचं...

किल्ली मालकाच्या हातात कशी टेकवली, रस्ता कसा ओलांडला, काही कळलं नाही. दोन गल्ल्या तर होत्या. घराचं फाटक उघडं. बायको स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेली. "आलात?" गोड आवाजात म्हणाली. "बसा, पाणी देते."

सर बसले नाहीत. सरळ आतल्या खोलीकडे गेले.

दार बंद होतं. ढकललं.

आतून कडी.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "कोण असणार?"

"चुकलो," सर दाराला तोंड लावून म्हणाले. "अगं, चुकलो. ऐकतेस ना? चुकलो..."

आत काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. सरांनी त्याला दाराला हात लावू दिला नाही, दारातूनच परत पाठवला. मागच्या खिडकीच्या गजांतून आतलं सगळं दिसतं. पलंग, त्यावर घडी घातलेली चादर, कपाट. माणूस नाही. पण तिथूनच दाराची कडीही दिसते. लागलेली असते.

मी मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा दिला. हसतमुख आहेत, चालतातही झपझप. झोपतात दोघं बाहेरच्या खोलीत. जेवणं झाल्यावर सर एक खुर्ची घेऊन त्या बंद दारासमोर बसतात. आधी "चुकलो" म्हणतात. मग काय चुकलं ते सांगायला लागतात. न विचारता घर घेतलं ते. आरशाकडे बघत होतो ते. कुलूप लावलं ते. त्याच्याही मागचं, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं, मुलाच्या जन्माच्या वेळचं. रोज नवं काहीतरी आठवून सांगतात आणि गप्प बसून ऐकत राहतात. वाट बघतात.

मी म्हटलं, सर, पावसानं लाकूड फुगलं असेल. दारं आवळतात अशी. ते नुसते खुर्चीवरून उठून बाजूला झाले. मी हात ठेवला. ढकललं. लाकूड फुगलेलं दार वर-खाली घट्ट लागतं. हे तसं नव्हतं. वरून सैल, खालून सैल...

मध्ये फक्त, हाताच्या उंचीवर, आतून कोणीतरी धरलेलं.