रिकाम्या खुर्चीचा थर

नवशिक्यांच्या वर्गाच्या चौथ्या दिवशी सरांनी सगळ्यांना फोटोचा उजेड वाढवायला सांगितला, आणि एक्स-रेवाल्या ताईंना पाण्यात लाल टोपी दिसली.

त्यांनी उजेड आणखी वाढवला.

सगळ्यांनी सरावाला घरचे फोटो आणले होते. ताईंनी आणला होता तरणतलावाचा, आठ महिन्यांपूर्वीच्या मुलांच्या स्पर्धेचा. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. जीवरक्षकाची उंच खुर्ची रिकामी.

त्या रिकाम्या खुर्चीने ताईंच्या धाकट्या भावाला आयुष्यातून उठवलं होतं. लाल टोपी घालून त्या खुर्चीवर बसणाऱ्या त्याला मुलं बेडूकदादा म्हणायची. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे शर्यतीवर असताना एक नऊ वर्षांची मुलगी पाण्याखाली गेली. बेडूकदादाने तिला वर काढलं, पण उशीर झाला होता. तो सांगत राहिला, मी खुर्चीवरच होतो, बघताक्षणी उडी मारली. पण तिचा पाय खुर्चीखालच्या भिंतीतल्या, पाण्याच्या रेषेलगतच्या पाणी खेचणाऱ्या तोंडात अडकला होता, तिथली जाळी तुटकी होती, मी तलावाच्या व्यवस्थापकांना तीनदा लेखी कळवलं होतं. ती तिन्ही पत्रं कुणालाच सापडली नाहीत. सापडला तो हा फोटो. खुर्ची रिकामी, खालची जाळी धडधाकट. भावावर खटला उभा राहिला. तेव्हापासून तो पडदे ओढून घरात बसून होता.

ताई मात्र बसल्या नाहीत. फोटो ज्याने काढला तोच नवशिक्यांना फोटो सुधारायला शिकवतो हे कळल्यावर त्यांनी त्याच्याच वर्गात नाव घातलं. यानेच काहीतरी केलंय, अशी त्यांची खात्री होती. याची विद्या शिकायची आणि याच्याच गळ्यात घालायची.

"लेयर म्हणजे काचा समजा," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "एकावर एक ठेवलेल्या. वरच्या काचेवर काही चिकटवलं की खालचं झाकलं जातं. पण ते जात नाही हं, खाली असतंच. लेयरच्या नावापुढे डोळ्याचं चिन्ह आहे, ते बंद करा, वरची काच दिसेनाशी होईल. आणि सगळ्या काचा एकजीव केल्या की मग मात्र परतीची वाट बंद." मग ते वैतागून म्हणाले होते, "मागच्या बॅचच्या फायली अजून या संगणकांवर पडून आहेत. प्रोग्राम दर दहा मिनिटांनी आपणहून प्रत ठेवतो. दुसऱ्याच्या घरात डोकावू नका."

वर्ग सुटल्यावर ताई उठल्या नाहीत. सर दिवे मालवायला आले तेव्हा त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"हा फोटो तुमचा?"

सर वाकले. त्यांचा चेहरा उतरला. "माझा. तुम्ही हा कुठून आणलात?"

"मी बेडूकदादाची बहीण. खुर्ची रिकामी होती?"

"देवाशप्पथ आठवत नाही. दोनशे फोटो काढले, लक्ष मुलांवर होतं."

"मूळ फोटो कुठे आहेत?"

"अपघात झाल्या झाल्या व्यवस्थापकांनी कॅमेऱ्याचं कार्डच मागून घेतलं. चौकशीसाठी म्हणाले. परत मिळालं ते कोरं."

"म्हणजे पुरावा नाही. सोयीचं आहे."

 सर खुर्ची ओढून बसले आणि पाण्यावर झूम केलं. लाटांत मोडलेला लाल ठिपका आणि त्याच्या वर खांद्याची पुसट रेघ.

"टोपी सगळ्यात उंच, म्हणून पाण्यातल्या उलट्या प्रतिबिंबात सगळ्यात खाली," सर पुटपुटले. "चिकटवलेला तुकडा तिथवर पोचलाच नाही. ताई, हे मी केलं असतं तर प्रतिबिंब सोडलं असतं का? वीस वर्षं या धंद्यात आहे मी. नवशिकाच वर बघतो, खाली बघत नाही."

ताईंचा राग एका क्षणात बेघर झाला. आठ महिने पोसलेला राग, आणि माणूसच चुकला! पण एक्स-रेमधल्या सावल्या वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या पडद्याजवळ सरकल्या.

"मुलांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात. खुर्चीची डावीकडे."

"म्हणजे तुकडा सकाळच्या फोटोतला," सर म्हणाले.

"तलावावर सकाळी कोण असायचं?"

"पोहण्याचे प्रशिक्षक. सहाला तेच उघडायचे. आणि..." ते अडखळले. "मागच्या बॅचमध्ये ते माझ्याकडे शिकत होते. ते आणि व्यवस्थापक, दोघेही."

प्रशिक्षकाला ताई दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या दारातच भेटल्या. बेडूकदादाच्या जागी आता या प्रशिक्षकाचा भाचा बसत होता. ताईंना ते डोळ्यात खुपलं.

"अपघातानंतर सकाळी आत कोण येत होतं?"

"कोणी नाही. त्याच संध्याकाळी कुलूप पडलं. दोन महिने आम्हाला पाऊल टाकू दिलं नाही. किल्ली फक्त व्यवस्थापकांकडे."

"आणि त्याआधी? खुर्चीखालची जाळी कशी होती?"

प्रशिक्षकाने मान खाली घातली. "गंजलेली. एक कोपरा उचकटलेला."

"चौकशीत का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही, ताई."

"आता विचारलंय," ताई म्हणाल्या. "शनिवारी वर्गात या. तिथेही असंच सांगा."

त्या शनिवारी वर्गाचा शेवटचा दिवस होता. विद्यार्थी आपापलं काम मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. सरांनी व्यवस्थापकांना जुने विद्यार्थी म्हणून मानाने पहिल्या रांगेत बसवलं. प्रशिक्षक दाराशी उभे होते. आणि मागच्या रांगेत, ताईंनी दोनदा हात जोडून आणलेली शिवणकाम करणारी एक बाई बसली होती. त्या मुलीची आई. ताईंचं तोंड बघायचं नाही असं तिने शपथेवर सांगितलं होतं, तरी आली होती.

ताईंनी फोटो लावला. व्यवस्थापकांचा पाय हलत होता, तो थांबला.

"या फोटोत दोन गोष्टी खोट्या आहेत," ताई म्हणाल्या. "पहिलं, खुर्ची रिकामी आहे. पाण्यात बघा, टोपी आहे. दुसरं, खुर्चीची सावली सकाळची आहे. मला वाटलं, सकाळी येतात ते प्रशिक्षक. पण मग जाळी पाहिली. बाकीच्या जाळ्या गंजलेल्या, हिचे स्क्रूसुद्धा चकचकीत. अपघाताच्या दिवशी ही जाळी उचकटलेली होती."

"होती," प्रशिक्षक दारातून म्हणाले. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"म्हणजे खुर्ची आणि जाळीचा हा तुकडा जाळी बदलल्यानंतरच्या सकाळी काढलेला. तेव्हा तलावाला कुलूप होतं. किल्ली एकाच माणसाकडे होती. कॅमेऱ्याचं कार्डही त्याच्याकडेच. आणि तीन तक्रारी गिळून बसलेला माणूसही तोच."

व्यवस्थापक हसले. "बाई, तर्क छान आहे. पुरावा दाखवा."

"पाच नंबरच्या संगणकावर तुम्ही बसायचात ना? सरांनी सांगितलं होतं, काचा एकजीव करा. चौकशीला पाठवलेली प्रत तुम्ही एकजीव केलीत. तुमची फाईलही पुसलीत. पण प्रोग्रामने स्वतःहून ठेवलेली प्रत राहिली. काल सरांनी माझ्यासमोर ती उघडली."

ताईंनी फाईल उघडली. बाजूला दोन लेयर दिसले. वरच्याला नावसुद्धा दिलेलं नव्हतं. त्यांनी त्याच्यापुढचा डोळा बंद केला.

खुर्चीवर बेडूकदादा प्रकटला.

खाली जाळीचा कोपरा बाहेर वाकलेला, अगदी स्पष्ट.

व्यवस्थापक उठले. कपाळावर घाम होता. "ताई, ऐका... वरून दबाव होता. मलाही मुलंबाळं आहेत. आपण हे आपसांत मिटवू."

"मिटवायला उरलंय काय? सकाळीच ही फाईल चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिली. पोलीस खाली उभे आहेत."

"मग मला इथे कशाला बोलावलंत?"

"तुमचं तोंड बघायला," ताई म्हणाल्या. "आठ महिने वाट बघितली या तोंडाची."

त्यांना वाटलं होतं, हे बोलल्यावर जीव थंड होईल. थंड झाला नाही, पण गोड लागलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलीची आई पडद्यापाशी आली. व्यवस्थापकांकडे तिने पाहिलंही नाही. ती फोटो बघत होती. बेडूकदादा खुर्चीवर बसलेला नव्हता. अर्धा उठलेला होता. एक पाय हवेत, दोन्ही हात पुढे, नजर थेट पाण्यात.

"हा उठलाय," ती म्हणाली. "याने तिला बघितलं होतं."

"हो."

"आणि मी त्याला भर रस्त्यात खुनी म्हटलं." ती व्यवस्थापकांकडे वळली. आवाज चढला नाही. "तुम्ही माझ्या घरी येऊन, माझा हात धरून सांगितलं होतंत, तो चहा प्यायला गेला होता म्हणून."

व्यवस्थापक दाराकडे वळले. जिन्यावर बुटांचा आवाज येत होता.

तिने ताईंची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "तो घरीच असतो ना? चला. मला त्याच्या दारात उभं राहायचंय. उघडलं नाही तरी उभी राहीन."